गोळी सुटते की झाडली जाते?

(सेलू येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पिस्तूल कसं हाताळावं हा व्याख्यानाचा विषय ऐकून संयोजकांपैकी एकांनी मला विचारलं, की आपल्या गावात परवानाधारक असतील मूठभर, बाकीच्यांनी हे ऐकून काय करायचं? प्रश्न रास्त आहे. पण गोळी कुणाला लागायची, ते समोरच्याचा परवाना बघून ठरत नाही. लग्नाच्या वरातीत आपण असतो, बँकेच्या रांगेत सुरक्षारक्षकाच्या बंदुकीसमोर आपण असतो, पाहुण्याच्या घरी कपाट उघडणारं लेकरू आपलंच असतं. म्हणून ज्याच्याकडे शस्त्र नाही त्यालाही समोरच्याचं बोट कुठे आहे हे बघता आलं पाहिजे. आज मी मुख्यतः त्या एका बोटाबद्दल बोलणार आहे.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. पेपरात बातमी येते, 'रिव्हॉल्व्हर साफ करताना गोळी सुटली.' किंवा 'पिस्तुलातून चुकून गोळी सुटली, एक जखमी.' आता मराठीत याच्यासाठी दोन क्रियापदं आहेत. गोळी झाडली, आणि गोळी सुटली. झाडली म्हटलं की कुणीतरी झाडली. सुटली म्हटलं की कुणीच काही केलं नाही, दावं तुटून वासरू सुटावं तशी ती सुटली. घरात बोलताना ठीक आहे. पण पोलिसांत गोळीबाराचा सराव घेण्यात माझी नोकरी गेली, आणि मैदानावर आम्ही हे 'सुटली' सहसा मान्य करत नसू. पोरगा म्हणायचा, 'साहेब, सुटली.' आम्ही विचारायचो, 'बोट कुठं होतं?' मग तो गप्प. त्या गप्प राहण्यात सगळं उत्तर असायचं.

'सहसा' म्हणालो, कारण कधीकधी गोळी खरंच सुटते. त्याकडे नंतर येतो. आधी गोळी उडते कशी ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

काडतुसाचे चार भाग. पितळेचं नळकांडं, त्यात दारू, तोंडाशी शिशाची गोळी आणि बुडाशी एक बारीक टोपी. या टोपीवर टोला बसला की ठिणगी पडते, दारू पेटते, गोळी नळीतून बाहेर पडते. टोला मारतो घोडा, किंवा घोड्याच्या मारानं पुढे जाणारी पिन. आणि घोड्याला मोकळं करतो चाप. आपण चाप आणि घोडा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, सिनेमावाल्यांनी तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा करून टाकलंय. पण आज फरक लक्षात ठेवा. चाप म्हणजे बोटाखाली येतो तो ट्रिगर. घोडा म्हणजे मागच्या बाजूला उचलला जातो तो भाग.

चाप ओढायला किती जोर लागतो? रिव्हॉल्व्हरचा घोडा खाली असेल तर चापानंच तो उचलायचा आणि सोडायचा असतो, तेव्हा साधारण पाच किलोच्या आसपास जोर लागतो. तोच घोडा आधी अंगठ्यानं मागे ओढून ठेवला असेल, तर दीड-दोन किलो पुरतात. स्पर्धेच्या पंचवीस मीटर पिस्तुलाला किमान एक किलोचा नियम आहे, दहा मीटरच्या एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम. म्हणजे अर्धा लिटर दुधाची पिशवी बोटावर अडकवली तर जेवढं ओझं होईल तेवढं. आपण एका बोटानं पाण्याची कळशी धरतो. बोटाला दोन किलो म्हणजे काहीच नाही. चाप जड आहे, तो आपोआप ओढला जाणार नाही, हा भरवसा ज्यांना वाटतो त्यांनी हे आकडे मनात ठेवावेत.

आता एक गंमत करू. सगळ्यांनी उजवा हात असा पुढे करा. बोटं सैल, जणू हातात पेला धरलाय. आता डाव्या हाताची मूठ आवळा. जोरात. अजून जोरात. उजव्या हाताकडे बघा. काय होतंय? (सभागृहात हशा.) बोटं थोडी आत वळली ना बऱ्याच जणांची? कुणी सांगितलं त्यांना?

अमेरिकेत रॉजर एनोका म्हणून स्नायूंच्या हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी २००३ मध्ये याच प्रश्नावर लिहिलं, की माणसाची इच्छा नसताना बोट चाप कसं ओढतं. त्यांनी तीन प्रसंग सांगितले. एक तुम्ही आत्ताच केला. एका हातानं कुणाला तरी घट्ट धरलं, की दुसऱ्या हाताचे स्नायूही आवळले जातात. शिपाई डाव्या हातानं चोराची कॉलर धरतो, उजव्या हातात पिस्तूल असतं. दुसरा प्रसंग तोल जाण्याचा. पाय घसरला की हात काहीतरी पकडायला जातात, आणि हातात जे असेल ते आवळतात. तिसरा दचकण्याचा. मागे फटाका वाजला, दार आपटलं, कुणी ओरडलं, की अंग आक्रसतं. या तिन्ही वेळी डोक्याला विचारायला वेळ नसतो. काम होऊन जातं, विचार मागून येतो.

म्हणजे बघा, 'मी सावध माणूस आहे, माझ्या हातून असं होणार नाही' या वाक्याला इथे फारसा अर्थ राहत नाही. सावध माणूसही दचकतो. सावध माणसाचाही पाय घसरतो. त्या क्षणी बोट चापावर असेल तर गोळी जाईल, चापाच्या बाहेर असेल तर मूठ नुसती आवळली जाईल. हुशारी, धाडस, नोकरीची वर्षं यांचा त्या पाव सेकंदात काही उपयोग नाही. बोटाची जागा तेवढी उपयोगाची.

ती जागा कुठली? पुष्कळ लोक बोट चापाभोवतीच्या कडीवर टेकवतात. ते बरं दिसतं, पण पुरेसं नाही. हात आवळला की कडीवरचं बोट घसरून आतच जातं. बोट सरळ ताठ, कडीच्या वर, पिस्तुलाच्या अंगाला लावून ठेवायचं. नळीला समांतर. नेम धरला, समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते पाहिलं, गोळी मारायचीच हे ठरलं, मग बोट आत. गोळी मारून झाली किंवा बेत बदलला, की बोट परत त्या जागेवर. यालाच इंग्रजीत ट्रिगर डिसिप्लिन म्हणतात. मराठीत काय म्हणावं?

मला वाटतं आपल्याकडे शब्द आधीपासून आहे. शिस्त. इथे एनसीसीची मुलं-मुली बसली आहेत, त्यांना गोळीबाराच्या तासाला हिंदीतून शिकवतात 'शिस्त लेना'. म्हणजे काय रे? हां, नेम धरणं. जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे बंदुकीचा नेम धरणे असाच अर्थ आहे, मोल्सवर्थच्या कोशात बघा. शब्द फारसीतून आला. तिथे 'शस्त' म्हणजे नेम, आणि तिरंदाज दोरी ओढताना अंगठ्यात जी कडी घालत तीही शस्त. शाळेतल्या रांगा, वेळेवर येणं, गणवेश, हे अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटले. मुळात शब्द होता तो हाताच्या बोटांचा. मास्तरांनी तो पळवला एवढंच.

आता प्रशिक्षणाकडे येतो. हे सगळं मी तुम्हाला वीस मिनिटांत सांगितलं. तुम्हाला पटलंही. आता तुमच्यापैकी कुणाच्याही हातात मी रिकामं पिस्तूल दिलं, तर निम्म्याहून जास्त लोकांचं बोट सरळ चापावर जाईल. पैज लावतो. कारण ती वस्तू घडवलीच तशी आहे, मुठीत धरली की पहिलं बोट आपसूक चापापाशी पोचतं. लहानपणी दिवाळीत टिकल्यांच्या पिस्तुलानं आपण हेच शिकलेलो असतो. सिनेमाचं पोस्टर बघा, नायकाचं बोट कुठं असतं? तेव्हा नवं ज्ञान देऊन भागत नाही. जुनी सवय मोडून तिच्या जागी दुसरी बसवावी लागते, आणि सवय हातात बसते ती शेकडो वेळा तेच केल्यावर.

नेमबाजीच्या खेळाडूंकडून हे शिकण्यासारखं आहे. आपल्या महाराष्ट्रात, त्यातही कोल्हापूरनं, याबाबतीत मोठं काम केलंय. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१३ मध्ये विश्वचषकात पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात पुन्हा सुवर्ण. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा, त्यानं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. आपण टीव्हीवर त्यांची ती एक गोळी बघतो. त्याच्यामागे न झाडलेल्या गोळ्यांचा ढीग असतो. याला ड्राय फायरिंग म्हणतात. काडतूस नाही, फक्त शस्त्र धरायचं, नेम घ्यायचा, चाप हळू दाबायचा, परत पहिल्यापासून. नवख्याला आम्ही नळीवर रुपयाचं नाणं ठेवायला लावायचो. चाप दाबला आणि नाणं पडलं, की समजायचं हात हलला. दहादा पडतं, वीसदा पडतं, मग एक दिवस पडायचं थांबतं.

आणि त्यांच्या मैदानाचे नियम बघा. हुकूम झाल्याशिवाय काडतूस आत जात नाही. नळी कायम निशाण्याच्या दिशेनं. शस्त्र वापरात नसेल तेव्हा त्याच्या खोलीत भडक रंगाची पट्टी खुपसून ठेवावी लागते, म्हणजे ते रिकामं आहे हे लांबून कुणालाही दिसतं. पुढे निशाण्यापाशी माणूस गेला असेल तर शस्त्राला हात लावायचा नाही. आणि हे नियम शिकाऊ पोराला आणि जगज्जेत्याला सारखेच. धोका होईल असं शस्त्र हाताळलं तर स्पर्धेतून बाहेर, मग तुमच्या घरात पदकांचं कपाट का असेना.

आता 'रिकामं आहे' या दोन शब्दांबद्दल. माझ्या मते बोटानंतरचा मोठा घात हाच. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांत फरक आहे. रिव्हॉल्व्हरची फिरकी बाजूला काढली की सहाच्या सहा घरं डोळ्यांनी दिसतात. पिस्तुलात तसं नाही. मुठीत मॅगझिन असतं आणि एक काडतूस वर नळीच्या तोंडाशी, चेंबरमध्ये, बसलेलं असू शकतं. मॅगझिन काढलं की माणसाला वाटतं झालं रिकामं. पण ते वरचं एक तसंच असतं. दुसरी चूक याहून वाईट. काही जण आधी वरचा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो मागे ओढतात, चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, आणि मग मॅगझिन काढतात. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये ढकलून गेलेली असते. माणसानं डोळ्यांदेखत एक काडतूस बाहेर पडलेलं पाहिलं, मॅगझिन हातात आहे, त्याला पक्की खात्री की रिकामं. अशा खात्रीच्या पिस्तुलानं माणसं गेली आहेत. क्रम एकच. आधी मॅगझिन बाहेर. मग स्लाइड मागे, दोन-तीनदा. मग ती मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. आणि हे सगळं करताना नळी जमिनीकडे किंवा वाळूच्या पोत्याकडे, बोट बाहेर. एनसीसीत 'जाँच शस्त्र' म्हणतात ते यासाठीच. पोरांना तो कवायतीचा भाग वाटतो.

डिसेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात अलीगढच्या एका पोलीस ठाण्यात काय झालं ते तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिलं असेल. पासपोर्टच्या कामासाठी आलेली एक महिला टेबलासमोर उभी आहे. एक कर्मचारी फौजदाराच्या हातात पिस्तूल देतो. फौजदार ते हाताळतो आणि गोळी जाते, ती थेट त्या महिलेच्या डोक्यात. काही दिवसांनी उपचार सुरू असताना ती गेली. त्याचा गुन्हा काय हे ठरवणं न्यायालयाचं काम, मी त्यात पडत नाही. मला त्या चित्रफितीत सरावातल्या सगळ्या गोष्टी उलट्या झालेल्या दिसतात. शस्त्र देताना तपासून दिलं नाही, घेताना तपासून घेतलं नाही, नळी माणसाकडे, आणि बोट आत. यातली कुठलीही एक गोष्ट सरळ असती तरी ती बाई कागदावर शिक्का घेऊन घरी गेली असती.

अमेरिकेत २१ ऑक्टोबर २०२१ ला 'रस्ट' नावाच्या सिनेमाच्या सेटवर असाच प्रकार झाला. रिव्हॉल्व्हरमध्ये खरं काडतूस नाही असं सांगून ते नटाच्या हातात दिलं गेलं. त्यात होतं. कॅमेऱ्यामागची हॅलिना हचिन्स ही छायाचित्रकार मरण पावली. सेटवरच्या शस्त्रांची जबाबदारी जिच्यावर होती त्या बाईला पुढे शिक्षा झाली. दुसऱ्यानं सांगितलेलं 'रिकामं आहे' हे आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. सांगणारा आपला साहेब असला तरी. इथे आदर मधे आणू नये.

आता मी मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. खरोखर सुटलेली गोळी. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे पावणेपाचच्या सुमारास अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. जुहूच्या घरी. कोलकात्याला निघण्याच्या गडबडीत, रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, खाली पडलं आणि गोळी सुटली, असं तेव्हा सांगण्यात आलं. शस्त्रक्रिया करून गोळी काढली आणि तीन-चार दिवसांत ते घरी आले. नशीब बलवत्तर. त्यांच्या शस्त्राची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे त्याच्यात नेमकं काय झालं यावर बोलणार नाही. पण जुन्या घडणीचं रिव्हॉल्व्हर पडल्यावर काय होऊ शकतं ते सांगतो. जुन्या कित्येक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असताना त्याचं टोक काडतुसाच्या टोपीवरच टेकलेलं असतं. रिव्हॉल्व्हर उलटं घोड्यावर पडलं, की जमिनीचा दणका घोड्यातून थेट टोपीला. चापाचा संबंधच नाही. नव्या घडणीत घोडा आणि टोपी यांच्यामध्ये पोलादाची एक पट्टी येते, चाप पूर्ण ओढल्याशिवाय टोला पोचत नाही. पण ती पट्टी झिजते, कुणी हौशी मिस्त्री काढूनही टाकतो. म्हणून जुनं रिव्हॉल्व्हर बाळगणारे जाणते लोक सहापैकी पाचच घरं भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत.

इथे दोन गोष्टी हातात बसवायच्या. एक, कपाटात जाणारं शस्त्र भरलेलं नसावं. दुसरी ऐकायला विचित्र वाटेल. शस्त्र हातातून पडलं तर पडू द्या. झेलायला जाऊ नका. आपला हात सवयीनं झडप घालतो, जसं ताट पडताना घालतो, आणि झडप घालणारं बोट सरळ चापात अडकतं. पडणाऱ्या शस्त्रातून गोळी सुटण्याची भीती असतेच, पण झेलताना ती आपण आपल्या हातानं झाडतो. हे पोरांना शिकवायला मला सगळ्यात जड गेलं. सरकारी वस्तू खाली पडू द्यायची म्हणजे त्यांना पगारकपात दिसायची.

इथे म्हातारी मंडळी आहेत त्यांना ठासणीची बंदूक आठवत असेल. रानडुकरांपासून पीक राखायला असायची. ती भरायला वेळ लागायचा. दारू ठासा, चिंधी ठासा, छर्रे ठासा. आणि सगळ्यात शेवटी टोपी. टोपी खिशात किंवा डबीत वेगळी राहायची, जनावर दिसल्यावरच बसवायची. कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं त्यांना. पण भरलेली बंदूक टोपी लावून खुंटीला टांगायची नाही, हे त्या घरातल्या पोराठोरांना माहीत होतं. आजचं शस्त्र कपाटात ठेवताना तेच करायचं आहे. शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या तिसरीकडे. उशीखाली नाही, गाडीच्या डॅशबोर्डात नाही, देव्हाऱ्यामागे तर नाहीच, तिथे घरातलं लहान लेकरू सगळ्यात आधी पोचतं.

आणि एक जपून सांगतो. घरात कुणी फार खचलेलं असेल, कर्जानं, आजारानं, कशानंही, तर ते दिवस सरेपर्यंत शस्त्र घराबाहेर ठेवा. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं. निवडणुकीत हुकूम आला की आपण निमूट जमा करतोच ना? मग घरातल्या माणसासाठी एकदा करावं. त्यात कमीपणा नाही.

आता कायदा, थोडक्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला शस्त्र सुरक्षिततेचं प्रशिक्षण बंधनकारक केलं. त्यात हाताळणं, झाडणं, निगा, साठवण, वाहतूक आणि कायदा हे सगळं येतं, आणि त्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते म्यानात आणि पूर्ण झाकलेलं हवं. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं आणि परवान्याची मुदत पाच वर्षं, असं केलं. त्याच दुरुस्तीत आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. निष्काळजीपणानं कुणाचा जीव गेला तर पूर्वी दंडविधानाच्या ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ती पाच वर्षांपर्यंत झाली. 'सुटली' म्हटल्यानं हे कलम टळत नाही.

प्रमाणपत्राबद्दल माझं मत कडवट आहे, ते सांगून टाकतो. नियम चांगला आहे. पण परवाना घेताना एकदा दिलेलं प्रशिक्षण हातात टिकत नाही. पंधरा-पंधरा वर्षांत एकही गोळी न झाडलेले परवानाधारक मला भेटले आहेत. त्यांचं रिव्हॉल्व्हर तेल न लागता कपाटात पडलेलं, काडतुसं जुनाट, आणि संकट आलं तर ते चालेल ही श्रद्धा पक्की. सायकल चालवणं विसरत नाही म्हणतात. पिस्तूल विसरतं.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ नंतर शस्त्र परवान्यांचा प्रश्न राज्यभर गाजला. एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने असल्याचं पुढे आलं. परळीतल्या एका माणसाची हवेत गोळ्या झाडतानाची चित्रफीत पसरली, गुन्हा नोंदला गेला, पुढे प्रशासनानं अनेक परवाने रद्दही केले. राजकारण सोडा, मला त्या कमरेला पिस्तूल लावून काढलेल्या फोटोंत वेगळंच दिसतं. बहुतेकांचं बोट चापावर. म्हणजे परवाना मिळाला, शस्त्र मिळालं, शिकवलं कुणी नाही.

हवेत झाडलेली गोळी हवेत राहत नाही. एनसीसीत वापरतात त्या पॉइंट २२ च्या बारीकशा गोळीचा पल्लाही दीड किलोमीटरच्या आसपास जातो. इथून चारी दिशांना दीड किलोमीटर मोजा, सेलूचा केवढा भाग त्यात येतो बघा. अगदी सरळ वर मारली तरी ती परत येते. अमेरिकन लष्करातल्या हॅचर यांनी शंभर वर्षांपूर्वी रायफलच्या गोळीवर हा प्रयोग केला. खाली येणाऱ्या गोळीचा वेग त्यांना सेकंदाला साधारण नव्वद मीटर मिळाला. आणि वरातीतला मामा काही ओळंबा लावून सरळ वर मारत नाही. तिरपी गेलेली गोळी याहून जास्त वेगानं येते. गच्चीवर झोपलेल्या माणसाला ती कुणाच्या लग्नाची हे कळतही नाही.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोन इथे घेतले आहेत.)

प्रश्न : शस्त्र एका कुलपात आणि गोळ्या दुसऱ्या कुलपात ठेवल्या, तर रात्री दरोडा पडल्यावर त्याचा उपयोग काय? मग परवाना कशाला घ्यायचा?

उत्तर : हा प्रश्न येणार हे माहीत होतं. काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे, वेळ जाईल. पण हिशेब असा करा. दरोडा तुमच्या आयुष्यात एकदा पडेल किंवा पडणार नाही. घरातलं लेकरू त्या कपाटापाशी रोज येतं. झोपेतून दचकून उठलेला माणूस, अंधार, भरलेलं पिस्तूल आणि दारात कुणीतरी, या प्रसंगात दारात आलेला तुमचाच मुलगा निघण्याची भीती मला दरोड्याहून जास्त वाटते. हल्ली एका बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या छोट्या तिजोऱ्या मिळतात. शेतातल्या एकट्या वस्तीवर राहत असाल आणि खरंच धोका असेल, तर तशी तिजोरी भिंतीला ठोकून घ्या. पण ती दोन सेकंदांत उघडायचा सरावही करावा लागेल, अंधारात, पुन्हा पुन्हा, रिकाम्या शस्त्रावर. तेवढी तयारी नसेल तर दाराला चांगली कडी, अंगणात दिवा, एक कुत्रं आणि ११२ नंबर, हे जास्त कामाचं.

प्रश्न (एनसीसीतील विद्यार्थिनी) : सर, आम्हाला वर्षात मोजक्याच गोळ्या मिळतात. सराव कसा करायचा?

उत्तर : गोळ्या कमी मिळतात म्हणून रडू नकोस, बेटा. ज्या दिवशी रायफल हातात मिळेल त्या दिवशी उस्तादांची परवानगी घेऊन आधी तपास कर, मग नुसती शिस्त घे. रायफल नसेल तेव्हा घरी लाटणं घे. हसू नका, खरं सांगतोय. लाटणं मुठीत धरायचं, पहिलं बोट त्याच्या अंगाला सरळ लावायचं, आणि तसंच धरून घरभर फिरायचं, दार उघडायचं, जिना चढायचा. आठ दिवसांनी बघ, पोळ्या लाटतानाही बोट सरळ राहायला लागेल. आई ओरडेल. ओरडू दे.